पोरीले नापास करा

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं अमरावतीच्या आसपास जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्या एकतीस वर्षांत पालक त्यांच्याकडे एकच विनंती घेऊन यायचे. सर, यंदा आमच्या पोराला पास करा. बाबा म्हणतात, मी असं कुणालाच पास केलं नाही. आई म्हणते, दोघांना केलं. ते काहीही असो, निवृत्तीनंतर एका भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाबाच अकोल्याच्या एका मॅडमकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरीले नापास करा."

ती पोरगी मी.

मला वाचता येत नाही असं नाही. येतं. पण ओळीवर नजर टाकली की अक्षरं जागेवर बसत नाहीत. एसटी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ती एकमेकांच्या जागा धरतात, आणि त्यांचं भांडण मिटेपर्यंत बाकीच्यांचं पान उलटून झालेलं असतं. कान मात्र माझा पक्का आहे. एकदा ऐकलेलं आत जाऊन बसतं ते उठत नाही. साईनगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, सकाळी साडेसहाला बाबांचा शिष्यवृत्तीचा वर्ग भरायचा. सतरंजीवर पंधरा-सोळा पोट्टे बसायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी दूध पीत बसलेली असायचे आणि त्यांच्या आधी उत्तर द्यायचे. तोंडी विचारलं की पहिली मी. कागद पुढे आला की मी गप्प. बाबांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला.

बाबांचं अक्षर म्हणजे आमच्या भागातली एक प्रेक्षणीय गोष्ट आहे. कुणाचा सत्कार असो, कुणाची निवृत्ती, मानपत्र लिहायला बाबाच लागतात. तिसरीपासून पाचवीपर्यंत माझ्या प्रत्येक वहीत, प्रत्येक पानाखाली, लाल शाईने त्यांनी एकच शब्द लिहिला. वेलांट्या अशा की पाहत राहावं. मला तो वाचता यायचा नाही, आणि इतकं सुंदर लिहिलेलं काही वाईट असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती शाबासकी आहे असं मी धरून चालले. मैत्रिणींना दाखवायचे. एकदा आईला दाखवलं. तिने पीठ लागलेले हात पदराला पुसले, पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "किती छान अक्षर हाय नं."

तो शब्द होता 'निष्काळजी'. आठवीत एका मैत्रिणीने जुन्या वह्या चाळताना तो मोठ्याने वाचला, तेव्हा कळलं. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही, जणू तिनेच लिहिला होता.

नववीत शाळेतल्या एका बाईंनी आईला बोलावून सांगितलं की ही आळशी नाही, हिला दाखवून आणा. आई हिवरखेडची, दहावी झालेली, आणि एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं न ऐकणारी. ती मला घेऊन गेली आणि अध्ययन अक्षमतेचा दाखला घेऊन आली. बाबांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं इतिहासाचं पुस्तक घेतलं, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर उभा केला आणि पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून बाबांनी माझं सगळं शिक्षण वाचलं. दहावी, बारावी, आणि मग अकोल्याला कृषी पदवीची चार वर्षं. मी तिथे वसतिगृहात असायचे. सकाळी पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवायचे, दुपारच्या जेवणाआधी बाबांचा आवाज यायचा. पुस्तकं इंग्रजी, बाबा मराठी माध्यमाचे. पण त्यांनी कधी हार मानली नाही. अडलेल्या शब्दावर ते गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चढायचे. मागे घर चालू असायचं. मातीचे थर शिकताना मला कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागल्या. स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, प्रकरणात मध्येच आईचा आवाज आहे, "भेंड्या घेऊ काय हो, ताज्या हाय?" आणि बाबांचा, "घे, पण कवळ्या पाहून." परीक्षेत स्फुरदाचा प्रश्न आला की मला आधी भेंड्या आठवायच्या आणि मग उत्तर. प्रत्येक ध्वनिफितीचा शेवट ठरलेला होता. बाबा घसा साफ करायचे आणि परिपत्रकाच्या भाषेत म्हणायचे, "एवढंच. न समजल्यास पुन्हा ऐकणे."

माती मला आवडायची. खरं तर मातीला अक्षरं नसतात म्हणूनच आवडायला लागली असेल, पण नंतर खरोखर आवडली. पदवी झाली, एक वर्ष प्रयोगशाळेत काम केलं आणि नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मृदाशास्त्राच्या पुढच्या पदवीसाठी अर्ज करायचं ठरवलं. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. ऐकण्यात जवळजवळ पैकीच्या पैकी, वाचनात काठावर. अर्ज भरायला बाबा संगणकासमोर बसले, कारण टंकलेखन आमच्या घरात त्यांच्याचकडे आहे. एका ठिकाणी प्रश्न होता, तुम्हाला काही अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता आहे का? बाबांनी तो मला वाचून दाखवला आणि मी काही बोलायच्या आत 'नाही' वर खूण केली.

"काहून नाही?" मी म्हटलं.

"अवं, असं कोणी सोताहून लेहून देते काय? घेतीन काय मंग ते तुले? लग्नाच्या बायोडाट्यात लेहतो काय आपण, पोरीले चष्मा हाय म्हणून?"

आई आतून म्हणाली, "तिले चष्मा नाही."

"उदाहरण देऊन रायलो मी!"

मी माऊस हातात घेतला आणि खूण 'हो' वर आणली. बाबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. चार महिन्यांनी प्रवेश मिळाला. त्याबरोबर तिथल्या साहाय्य कक्षाचं पत्रही आलं. परीक्षेत जादा वेळ, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी प्रणाली, वाचनाचं साहित्य आधी ध्वनिरूपात, सगळं देऊ; फक्त तपासणीचा अहवाल सोळाव्या वर्षानंतरचा हवा, आणि तो मेअखेर आमच्याकडे पोचायला हवा. कपाटातला माझा दाखला चौदाव्या वर्षाचा होता.

हा अहवाल मिळाला नाही तर काय होणार हे मला नीट माहीत होतं. अकोल्यात जुन्या दाखल्यावर जादा वेळ मिळायचा, एरवी तीन तासांच्या पेपरात माझा दीड तास प्रश्न वाचण्यातच जातो. पहिल्याच सत्रात नापास होऊन मी परत आले असते. आणि तिथे कुकर नव्हता, भेंड्या नव्हत्या आणि बाबांचा आवाज नव्हता. म्हणून तो कागद मला हवा होता, ज्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल की हिला वाचायला त्रास होतो.

तपासणी अकोल्याला करायची, हे बाबांनी ठरवलं. अमरावतीत दर दुसऱ्या घरात त्यांचा विद्यार्थी आहे, आणि सरांची मुलगी अशा ठिकाणी जाते हे त्या घरांना कळू नये म्हणून. जठारपेठेत एक मॅडम होत्या, मोठ्यांचीही तपासणी करणाऱ्या. बाबांनी फोन करून वेळ घेतली, तीन आठवड्यांनंतरची. आणि फोन ठेवल्या ठेवल्या ते म्हणाले, "तीन आठवडे म्हणजे भरपूर झाले. तयारी होऊन जाईन."

इथे चूक झाली. आणि ती चूक जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकते, कारण आमच्या घरात परीक्षा हा शब्द आला की बाबांचं बाकी सगळं बंद पडतं आणि एकच यंत्र सुरू होतं. दुसऱ्या दिवशी कपाटावर वेळापत्रक लागलं. साडेपाच ते सात वाचन, सात ते साडेसात श्रुतलेखन, संध्याकाळी आकडे उलटे म्हणणं. बाबांनी पेपरचं स्वरूप काय असतं याची चौकशी केली. अचलपूरला त्यांचा एक जुना विद्यार्थी आहे, विशेष मुलांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला. त्याने सांगितलं, सर, मराठीत असे उतारे मोजकेच आहेत, सगळीकडे तेच वापरतात, मी संच पाठवतो. व्हॉट्सॲपवर मागवा असं मी म्हटलं तर बाबांना ते पटलं नाही. प्रश्नसंच गोपनीय. अचलपूरच्या एसटीच्या चालकाच्या हाती खाकी पाकीट आलं आणि बाबा ते घ्यायला स्वतः बसस्थानकावर गेले.

"बाबा, हे कॉपी नाही का होत?" मी विचारलं.

बाबांनी आयुष्यात परीक्षेच्या खोलीत कॉपी चालू दिली नाही. एकदा तर त्यांनी सरपंचाच्या मुलाच्या चपलेतून चिठ्ठी काढली होती. ते दुखावले. "मागल्या वर्षीचे पेपर सोडवणं म्हणजे कॉपी नसते. सराव असते."

आई तेवढी ताळ्यावर होती. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मले एक सांगा. डाक्टरकडं नेतानी पोट्टीचा ताप उतरवून नेते काय कोणी?"

"तुले नाही समजत," बाबा म्हणाले. "परीक्षा म्हणजे परीक्षा."

आता माझ्याबद्दल. मी चोवीस वर्षांची, पदवीधर, मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण मी वाचू शकत नाही हे लपवण्यात मी लहानपणापासून इतकी तरबेज झाले होते की कुणी समोर उतारा ठेवला की तो कसा निभावून न्यायचा एवढंच सुचायचं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. सतरंजीवरच्या त्या पंधरा-सोळा पोट्ट्यांना बाबांनी एवढ्या मनापासून कधीकाळी शिकवलं होतं, आणि मी दाराशी बसून होते. पहिल्यांदाच वर्ग माझ्या एकटीचा होता. बाबा उतारा वाचायचे, मी ऐकायचे, दोनदा ऐकला की पाठ. मग कागदावर बोट फिरवत मी तो म्हणायचे आणि बाबा घड्याळ बघून म्हणायचे, "वा!" आता या वयात ती वा मिळत होती. मी कशाला नको म्हणू?

ठरलेल्या दिवशी आईने हातावर दही-साखर दिली. देताना ती म्हणाली, "काय आशीर्वाद देऊ तेच समजून नाही रायलं." अकोल्याला मॅडमच्या दवाखान्यात पुढे बसायची खोली, मध्ये प्लायवूडची भिंत, पलीकडे मॅडम. दोन्हीकडे मोठमोठे कूलर घरघरत होते. आम्ही बसतो न बसतो तोच समोरच्या बाकावरून एक गृहस्थ उठले, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा होता त्याला खाली ठेवून. "सर, तुमी अठी?" बाबांच्या जुन्या शाळेच्या गावचे पालक निघाले, आता अकोल्यात राहायला आलेले. अमरावती टाळून आम्ही शंभर किलोमीटर आलो होतो.

बाबांनी क्षणभराचाही वेळ घेतला नाही. "मॅडमले थोडं मार्गदर्शन पाहिजे होतं, शिष्यवृत्तीचं," ते म्हणाले. "अन् ही सोबत आली."

मी आत गेले. मॅडमनी मराठी उतारा पुढे ठेवला. मधमाश्यांवरचा, संचातला चौथा. मी बोट ठेवलं आणि आकाशवाणीच्या बातम्यांसारखा म्हणून टाकला. इंग्रजी उताराही संचातलाच निघाला. शब्दांच्या याद्या पाठ, आकडे उलटे पाठ. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा त्या मागोमाग आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "वाचन तर फारच छान आहे हिचं. अहवाल पुढच्या आठवड्यात पाठवते." बाबांची छाती अशी फुगली की शर्टाच्या खिशातलं पेन आडवं झालं.

बसस्थानकाजवळ त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले. एक मला दिला, एक वाहकाला, एक शेजारच्या अनोळखी आजोबांना, पोरगी पास झाली म्हणून. बस अकोल्याबाहेर पडली, बोरगाव गेलं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा बाबांनी आणखी एक पेढा तोंडात टाकला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्यांचं चावणं थांबलं.

"काय वं," ते म्हणाले. "तू तं पास झाली."

"हो."

"पण आपल्याले तं..."

"हो," मी म्हटलं.

बडनेऱ्यापर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच राहिला. घरी आईने दार उघडलं, पुड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुडा फ्रिजमध्ये ठेवला. तिचं ते न विचारणं मला जास्त लागलं.

उपाय सरळ होता. मॅडमना फोन करायचा आणि सांगायचं की आम्ही सगळं पाठ करून आलो होतो, अहवाल लिहू नका, पुन्हा तपासा. दोन मिनिटांचा फोन. पहिल्या दिवशी बाबांनी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी टाकी धुतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करायला सांगितलं आणि मी म्हटलं, तयारी तुम्ही करून घेतली, सांगा तुम्हीच. हे मी चिडून म्हटलं होतं. भीतीही वाटत होती. तारीख जवळ येत होती, आणि अहवाल एकदा लिहून गेला की माझ्या नावापुढे कायमचं 'काही अडचण नाही' लागणार होतं. आयुष्यभर हेच ऐकण्यासाठी मी धडपडले होते, आणि आता तेच वाक्य मला नको होतं.

चौथ्या दिवशी मी बाबांना स्पष्ट विचारलं, फोन का करत नाही. ते म्हणाले, "काय सांगू त्यायले? माह्या पोरीले वाचता येत नाही, म्हणून मी चोरून पेपर आणला?"

"मंग दुसरं काय केलं तुमी?" आई म्हणाली.

सहाव्या दिवशी पहाटे बाबा तयार होऊन बसले होते. फोनवर सांगायची गोष्ट नाही, ते म्हणाले. आम्ही पहिल्या बसने अकोल्याला गेलो, न कळवता. मॅडमच्या टेबलासमोर बाबा उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. आधी त्यांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली, "मॅडम, मागील भेटीसंदर्भात एक निवेदन..." आणि मग ते सगळं कुठेतरी गेलं. "मॅडम, एकतीस वर्षं लोकं मले हात जोडत होते, पोराले पास करा म्हणून. आज मी तुमाले जोडून रायलो. पोरीले नापास करा. ती पास झाली ते माह्यामुळं."

मॅडम हसल्या नाहीत, निदान लगेच नाही. त्यांनी फाइलमधून मधमाश्यांचा उतारा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडची ही झेरॉक्स खालून कापली गेली आहे," त्या मला म्हणाल्या. "शेवटच्या दोन ओळी या कागदावर नाहीतच. तू त्याही वाचल्यास. त्यांचे रक्षण करणे आपले कर्तव्य आहे. म्हटलं, मराठी उतारा आहे, शेवटी कर्तव्य येणारच, अंदाजाने म्हणाली असेल. पण त्यानंतर तू 'एवढंच' असंही म्हणालीस." आता मात्र त्या हसायला लागल्या. "अहवाल मी लिहिलाच नाही. तुमच्या फोनची वाट पाहत होते."

बाबा खुर्चीत बसले. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदम. मॅडमनी बाबांना बाहेर थांबायला सांगितलं आणि कपाटातून दुसरे उतारे काढले, जे अचलपूरला नव्हते.

उतारा विहिरींबद्दल होता एवढं आठवतं. मी बोट ठेवलं. पहिल्या ओळीतच अक्षरांनी आपले रुमाल टाकले. मी एक शब्द घेतला, सोडला, पुन्हा घेतला. कूलरचा आवाज मोठा होता त्यामुळे निदान बाहेर काही जात नव्हतं. आणि तेवढ्यात लाइट गेली.

अकोल्यात मे महिन्यात लाइट जाते यात विशेष काही नाही. पण दोन्ही कूलर एकदम थांबले तशी प्लायवूडची ती भिंत असून नसल्यासारखी झाली. माझा आवाज मलाच परक्यासारखा ऐकू आला. वि, विही, विहिरी, विहिरीच्या, विहिरीच्या का, काठ. पहिलीतला मुलगा वाचतो तसा. मी थांबले. मॅडम हळूच म्हणाल्या, "चालू दे." बाहेर बाबा बसले होते. पाचवीनंतर मला वाचताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं; नववीपासून तर वाचायचे ते तेच.

बाहेरून त्या गृहस्थांचा आवाज आला. आजही मुलाला घेऊन आलेच होते ते. "काय सर, लहान पोट्टं दिसते आतमंदी. कोण वाचून रायलं?"

मार्गदर्शनाचं काहीतरी येईल म्हणून मी वाट पाहत राहिले.

"माही पोरगी हाय," बाबा म्हणाले. "तिले वाचाले तरास होते. पयलेपासून."

मी पुढचा शब्द वाचला. मग त्याच्या पुढचा. पानभर उतारा वाचायला किती वेळ लागला ते मॅडमनी लिहून घेतलं, आणि या खेपेला कुणी वा म्हटलं नाही. नंतर त्यांनी मला बाहेर पाठवून बाबांना आत बोलावलं, लहानपणाची माहिती हवी म्हणून. तोवर लाइट आली होती, कूलर सुरू झाले होते, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पाऊण तास लागला. मी त्या छोट्या मुलाबरोबर बोटांवरचा खेळ खेळले आणि हरले. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दुपट्टा होता आणि त्यांनी तो डोक्याऐवजी तोंडाला लावला होता. उन्हाचं निमित्त होतंच.

अहवाल चार दिवसांनी आला. अकरा पानं, इंग्रजीत. तो वाचायच्या आधी आम्ही तो विद्यापीठाला पाठवून दिला, तारखेच्या दोन दिवस आधी. आठवड्याभरात उत्तर आलं की सगळ्या सवलती मंजूर आहेत. आईने फ्रिजमधून ते जुने पेढे काढले, वास घेतला आणि टाकून दिले. मग रव्याचे लाडू केले. "हे आता खा," ती म्हणाली, "हे खरे पास झाल्याचे हाय."

अहवालात काय लिहिलंय ते मला हवं होतं. फोनमध्ये वाचून दाखवणारी बाई आहे, मी तिला लावणार होते. बाबा म्हणाले, "राहू दे तिले. मी वाचतो." दुपारी जेवणाआधी त्यांनी पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मोबाइल उभा केला. ध्वनिफीत माझ्या फोनवर आली तेव्हा मी गच्चीच्या जिन्यात, सावलीला बसले होते.

बाबांचा आवाज नेहमीचा, खणखणीत. वाचनाचा वेग वयाच्या मानाने फार कमी. श्रवणस्मृती असाधारण. इंग्रजी शब्द, वऱ्हाडी चाल. मागे कुकरची एक शिट्टी. सहाव्या पानावर घरची पार्श्वभूमी सुरू झाली आणि बाबा म्हणाले, फादर स्टेट्स. मग थांबले. पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकून त्यांनी ते वाक्य चढायला घेतलं. इंग्रजीत होतं त्याचा अर्थ असा. वडील सांगतात की तिसरी ते पाचवी या काळात त्यांनी मुलीच्या वहीत रोज निष्काळजी असा शेरा लिहिला. ती निष्काळजी नव्हती. शिक्षक असूनही हे त्यांना ओळखता आलं नाही. याची अहवालात नोंद घ्यावी अशी त्यांची स्वतःची विनंती आहे.

त्यानंतर ध्वनिफितीत बाबा नाहीत. कुकर आहे. दुसरी शिट्टी, मग तिसरी. आईने गॅस बंद केल्याचा आवाजही आहे. मग घसा साफ करून बाबांनी पुढचं वाक्य घेतलं, आणि अकराव्या पानापर्यंत कुठेही न थांबता गेले. "एवढंच," ते म्हणाले. "न समजल्यास पुन्हा ऐकणे."

समजलं होतं. तरी मी पुन्हा ऐकलं.

संध्याकाळी बाबा अंगणात पाणी मारत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, तो शेरा मला तेव्हा वाचताच आला नव्हता. मला वाटायचं शाबासकी आहे. मी सगळ्यांना दाखवायचे.

बाबांच्या हातातल्या नळीतून पाणी एकाच जागी पडत राहिलं, तुळशीपाशी डबकं झालं.

"अक्षर तं चांगलं होतं नं?" त्यांनी विचारलं.

"फार छान होतं, बाबा," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातली नळी घेऊन बाजूच्या कोरड्या कुंड्यांकडे वळवली.